काकूंचा डबा अजून माझ्याकडेच आहे

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका पुण्यातल्या एका सोसायटीत राहतात. वय एक्केचाळीस, एका रुग्णालयात स्टाफ नर्स. माहेर नगर जिल्ह्यातलं, घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. समोरच्या फ्लॅटमधल्या काकांना गेल्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला. मुलगा बंगळुरूला, घरात काकू एकट्या. तेव्हापासून ताई ड्यूटीवरून आल्यावर काकांची कूस बदलायला, पाठ पुसायला जात आणि आठवड्यातून दोनतीनदा डबा देत. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर महिन्याला साक्षीची सभा असते; कुणाला सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगितली ते उभं राहून सांगायचं. ताईंना बोलायला जमत नाही. एकदा पाळी आली तेव्हा त्यांनी माइकवर काकाकाकूंबद्दल सांगितलं: 'त्यांना कोणी नाही, म्हणून मी जाते. प्रभू त्या घरात काम करतोय.' टाळ्या पडल्या. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत काकूंच्या मुलापर्यंत पोचला. त्याने आईला फोन केला: 'ती बाई तुम्हाला बाटवायला येते.' दुसऱ्या दिवशी काकूंनी डबा घासून रिकामा परत पाठवला. तेव्हापासून त्या दार उघडत नाहीत. ताई विचारतात: 'मी काकूंशी येशूबद्दल एक शब्दही बोलले नव्हते. नुसत्या वागण्यातून साक्ष द्यावी तरी लोक संशय घेतात, तोंडाने सांगावं तर धीर होत नाही. पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू) म्हणतात, गप्प राहणं म्हणजे प्रभूला नाकारणं. मी काय करू?' आणि पत्राच्या अगदी शेवटी: 'गणपतीत त्यांच्याकडून मोदक यायचे, ते मी गुपचूप वॉचमनला द्यायचे. त्यांचा एक डबा अजून माझ्याकडेच आहे.'

ताई, सलाम.

घासूनपुसून रिकामा आलेला डबा म्हणजे काय, हे आपल्याकडच्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. ज्या घरातून एरवी डब्यात निदान चिमूटभर साखर यायची, त्या घराने हिशेब मिटवला. तुम्हाला लागलं असणार. पण त्या रिकाम्या डब्याचा तुम्ही जो अर्थ लावलाय, तो मला पुरता पटलेला नाही.

तुम्ही म्हणता, ख्रिस्ती माणसाने चांगलं केलं तरी लोकांना संशय येतो. येतो खरा, त्यावर पुढे बोलते. आधी काकूंच्या सोफ्यावर बसून तो व्हिडिओ बघा. त्यात 'प्रभू' हा शब्द आहे, आणि त्याच्याही आधी एक वाक्य आहे: 'त्यांना कोणी नाही.' मुलगा बंगळुरूला आहे. म्हणजे आहे. नवरा अंथरुणावर आहे, म्हणजे तोही आहे. बाईने उभा जन्म मांडलेला संसार तुम्ही एका वाक्यात 'कोणी नाही' करून टाकला, आणि तिने कधी न पाहिलेल्या माणसांनी त्यावर टाळ्या वाजवल्या. मुलाच्या तोंडी 'बाटवायला' आलं, कारण तो शब्द तयार मिळतो. 'आईबापांकडे माझं लक्ष नाही असं ही बाई माइकवर सांगते,' हे स्वतःच्या तोंडाने म्हणणं फार जड. माझा अंदाज असा, की तो मुलगा म्हणून दुखावलाय. हिंदू म्हणून दुखावला असेल तर ते त्याच्या नंतर.

तुम्ही नर्स आहात. वॉर्डातल्या रुग्णाची गोष्ट नावानिशी रिक्षात बसून बोलाल का? फोनवर तरी? मग समोरच्या फ्लॅटमधला रुग्ण प्रार्थनागृहाच्या माइकवर कसा काय गेला? तुम्ही दुष्ट आहात म्हणून नव्हे. तुमच्याकडे महिनाअखेर काहीतरी दाखवायला हवं होतं म्हणून.

हे तुम्हाला ऐकवण्याचा मला अधिकार आहे, कारण मीही हे केलंय. कॉलेजच्या होस्टेलवर माझ्या खोलीतल्या मुलीची आई गेली. रात्री तार आली, सकाळच्या एसटीशिवाय गाडी नव्हती. मी तिचा हात धरून रात्रभर मोठ्याने प्रार्थना केली. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, शिकलेलं सगळं पाठांतर त्या रात्री बाहेर काढलं. फार वर्षांनी ती भेटली तेव्हा हसत हसत म्हणाली, 'त्या रात्री मला रडायचं होतं गं, पण तुझं चालू होतं.' आजही ते वाक्य आठवलं की माझे कान गरम होतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. वागण्यातून साक्ष की तोंडाने? या वादात एक वाक्य हमखास निघतं: 'सुवार्ता सदैव सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा.' असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर ते सर्रास खपवलं जातं. फ्रान्सिस असं म्हणाल्याचा पुरावा नाही. त्याने आपल्या संन्यासी बंधूंसाठी केलेल्या १२२१ सालच्या नियमावलीत जे आहे, ते याहून उपयोगाचं आहे. सगळ्या बंधूंनी कृतीतून उपदेश करावा, असं त्यात एके ठिकाणी आहे. आणि मुसलमानांच्या मुलखात जाणाऱ्या बंधूंसाठी दोन रीती दिल्यात. पहिली, वादविवाद करू नका, सगळ्यांच्या सेवेत नम्र राहा आणि आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करा. दुसरी, देवाला बरं वाटतंय असं दिसेल तेव्हा वचन उघड सांगा. हा काळ धर्मयुद्धांचा, आणि लिहिणारा माणूस १२१९ मध्ये इजिप्तच्या सुलतानाला भेटून आलेला. त्याला शब्दांची किंमतही ठाऊक होती आणि धोकाही.

पहिल्या रीतीतलं 'कबूल करा' मला फार मोलाचं वाटतं. गप्प राहणं आणि लपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या पत्रात कुठेही असं नाही, की काकूंनी विचारलं आणि तुम्ही टाळलं. बहुतेक त्यांनी विचारलंच नसेल. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं ते वचन तुमच्या मंडळीत नक्की पाठ करून घेतलं असणार: तुमच्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर द्यायला सदा तयार असा. पाठ करताना 'तयार असा' वर जोर पडतो. मी 'विचारील' वर बोट ठेवते. लगेच पुढे आहे, की ते सौम्यपणे आणि आदराने द्या. उद्या काकूंनी विचारलं, 'का गं करतेस हे सगळं?' तर एका वाक्यात खरं सांगा. 'काकू, मी येशूला मानते, त्याने असंच वागायला सांगितलंय, आणि मला तुम्ही आवडता.' एवढंच. त्याच्या पुढचं त्यांनी पुन्हा विचारलं तर.

पण तुमच्या पत्रात एक गोष्ट तुमच्याही नकळत गृहीत धरलेली दिसते: चांगलं वागणं ही साक्षीची दुसरी पद्धत, तोंड उघडवत नसेल तर ही वापरायची. म्हणजे डबा हे भाषणाच्या ऐवजी दिलेलं भाषण झालं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात हा पेच अगदी जवळजवळ आलाय. मत्तयच्या पाचव्या अध्यायात: तुमचा उजेड लोकांपुढे पडू द्या, म्हणजे ते तुमची सत्कर्मं पाहतील. पान उलटलं की सहाव्याच्या सुरुवातीला: लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. दिव्याने उजेड पाडावा आणि स्वतःकडे बघत बसू नये, असं मी त्याचं माझ्यापुरतं लावून घेतलंय. महिन्याच्या सभेत उभं राहून उजेडाचं माप सांगायला लागलं, की हात एकमेकांना सगळं सांगायला लागतात.

एक कसोटी सुचवते, जराशी कडू आहे. काकू कधीही, मरेपर्यंत, तुमच्या मंडळीचा उंबरा चढणार नाहीत, हे आज लेखी मिळालं, तर उद्या डबा जाईल का? जात असेल तर तो डबा स्वच्छ आहे. उत्तर द्यायला क्षणभर थांबावं लागलं, तर तेवढा क्षण गळाला लावलेल्या आमिषाचा आहे. असे क्षण सगळ्यांचेच असतात, घाबरू नका. फक्त ओळखा.

आता लोकांच्या संशयाबद्दल. आपल्या माणसांना वाटतं, हा संशय हल्लीच्या राजकारणाने आणला. राजकारणाने त्याला खतपाणी घातलं, पण रोप जुनं आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. धर्माच्या बाबतीत सक्ती नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून काहूर उठलं, रानडे-भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि पालकांनी मुली काढून नेल्या. माझ्या घरच्या खोलीत मी दार का लावू, हा रमाबाईंचा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो. पण त्या पालकांची धास्तीही मला खोटी म्हणता येत नाही. ज्या बालविधवेला जगात दुसरं छप्पर नाही, तिच्यासाठी छप्पर देणाऱ्या बाईचं उघडं दार हे नुसतं उघडं दार राहत नाही.

आणि दुसऱ्या बाजूनेही सांगते, नाहीतर माझी आजी वरून ओरडेल. आमच्या पणज्यांना 'दुष्काळात पोटासाठी बाटले' म्हणून आयुष्यभर हिणवलं गेलं. ज्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नव्हते, त्या विहिरीबद्दल हिणवणाऱ्यांपैकी कुणी बोललं नाही. दिलेल्या भाकरीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं, नावाने हाक मारणाऱ्या माणसाकडे गेलं नाही. म्हणून 'बाटवायला येते' हे वाक्य तुमच्या काळजात इतकं खोल का रुतलं, ते मला कळतं. ते चार पिढ्या जुनं आहे.

घरातलंच एक उदाहरण घ्या. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या आयुष्याचा त्या दिवशी चुराडा झाला, हे त्यांच्या आठवणी वाचणाऱ्या कुणालाही दिसतं. पुढे दोघं पुन्हा एकत्र राहू लागली, तेव्हा लक्ष्मीबाईंचं सोवळं चालूच होतं, आणि टिळकांनी ते मोडायची सक्ती केली नाही. बाईंनी स्वतःच्या पायांनी चालत, स्वतःच्या बुद्धीने भांडत १९०० साली बाप्तिस्मा घेतला. आपल्या व्यासपीठांवर ही गोष्ट 'टिळकांचं उदाहरण' म्हणून फार गुळगुळीत सांगतात. टिळक तापट होते, व्यवहारात वेंधळे होते, बायकोला न विचारता आयुष्य उलटंपालटं करून मोकळे झाले होते. लक्ष्मीबाईंनी यातलं काही झाकलेलं नाही, उलट हसून सांगितलंय. तेव्हा उदाहरण म्हणून जगायला निर्दोष असावं लागतं, ही कल्पना सोडून द्या. बायकोच्या सोवळ्याला धक्का न लावणं हे त्या तापट माणसाला फार अवघड गेलं असणार, आणि बाईंना नेमकं तेच दिसलं असणार, असं आपलं मला वाटतं.

आता मोदकांकडे येऊ. पत्र संपता संपता तुम्ही ते सहज लिहिलंत, मला मात्र सगळं पत्र तिथेच दिसलं. तुमचा डबा काकूंनी वर्षभर घेतला. काकूंचा डबा तुम्ही वॉचमनला दिलात, तोही गुपचूप. तुम्ही देणाऱ्या, त्या घेणाऱ्या. मदत करणारा नेहमी एक पायरी वर उभा असतो, आणि खालच्या पायरीवरून त्याचा प्रकाश दिसतो तसे त्याचे बूटही दिसतात.

प्रसादाचा प्रश्न आपल्याकडे दर गणपतीत आणि दर सत्यनारायणाला येतो, म्हणून इतर वाचकांसाठीही सांगते. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात दोन्ही बाजू आहेत: कुणी जेवायला बोलावलं तर पुढे येईल ते काही न विचारता खा, पण 'हे नैवेद्याचं आहे' असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्याच्या मनाखातर खाऊ नका. आपल्यात काही घरं प्रसाद घेतात, काही घेत नाहीत. तुमचा विवेक तुमचा. मात्र जे कराल ते तोंडावर करा. 'काकू, नैवेद्याचं मी खात नाही, आमच्यात तसं आहे. पण नैवेद्य दाखवायच्या आधी दोन मोदक माझ्यासाठी बाजूला काढून ठेवाल का? तुमच्या हातचे मला हवेत.' असं सांगितलं असतंत, तर काकूंना तुमची श्रद्धाही कळली असती आणि मोदकांची हावही. साक्ष म्हणून हे माइकवरच्या सगळ्या भाषणांपेक्षा वरचढ झालं असतं.

योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू शोमरोनी बाईशी बोलायला सुरुवात करतो ती मागण्यापासून: मला प्यायला पाणी दे. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, आणि यहुदी माणसाने शोमरोनी बाईच्या हातचं पाणी मागायचं! पाणवठा म्हणजे काय आणि कुणाच्या हातचं पाणी म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं समजवायला नको. पुढे जिवंत पाणी, उपासना, मशीहा सगळं येतं, पण सुरुवात त्याच्या तहानेपासून आहे. (तिने पाणी दिलं की नाही, ते शेवटपर्यंत लिहिलेलं नाही. घागर तिथेच टाकून ती गावात पळाली. मला ते दर वेळी गमतीचं वाटतं.) वर्षभरात तुम्ही काकूंकडे काय मागितलंत?

तर आता करायचं काय.

पहिलं, माफी, पण काकूंची तेवढी पुरणार नाही. मुलाचीही मागा, शक्य असेल तर आधी त्याची. त्याचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर मिळेल. त्याला सांगा: 'तुमच्या घरची गोष्ट मी तुम्हाला न विचारता चारचौघांत सांगितली, आणि कोणी नाही असं म्हणाले, ते खोटं होतं. माझं चुकलं.' इथे थांबा. 'पण माझा हेतू चांगला होता' हे वाक्य गिळून टाका. हेतूची साक्ष स्वतः द्यायची नसते. तो म्हणाला, पुन्हा येऊ नका, तर जाऊ नका. आणि काकांची दर दोन तासांनी कूस बदलायला कुणीतरी लागणारच आहे, तेव्हा ओळखीतला एखादा चांगला अटेंडंट असेल तर फक्त नंबर देऊन ठेवा. त्याने फोन केला का, ते विचारू नका.

दुसरं, व्हिडिओ ज्याने टाकला त्याच्याकडून काढून घ्या. फिरलेला परत येत नाही, पण काढला हे काकूंना कळलं पाहिजे.

तिसरं, पाळकसाहेब. त्यांच्याशी भांडू नका, पण त्यांना भेटून साधं विचारा: ज्या माणसाबद्दल आपण साक्ष देतो, तो खुर्चीत बसलेला असता तर आपण तेच बोललो असतो का? सभेत दुसऱ्याचं आजारपण, कर्ज, घरातली भांडणं सांगायची नाहीत, सांगायची तर स्वतःची, एवढा नियम केला तरी पुष्कळ. कायद्याचीही आठवण करून द्या. घटनेच्या २५ व्या कलमाने आपल्या धर्माचा प्रसार करायचा हक्क दिलाय, आणि त्यात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितलंय. 'प्रभू त्या घरात काम करतोय' असा व्हिडिओ फिरला, तर उद्या कुणी तक्रार घेऊन तुमच्याच दारात उभा राहील.

तुम्ही विचारलेलं नाही, पण नर्स आहात म्हणून वॉर्डाचं सांगते. तिथे स्वतःहून काही सुरू करू नका. ज्याची सलाईन तुमच्या हातात आहे, तो तुम्हाला 'नको' म्हणू शकत नाही. रुग्णाने म्हटलं, 'सिस्टर, माझ्यासाठी तुमच्या देवाला सांगा,' तर त्याच्या कॉटशी उभं राहून दोन ओळी हळू आवाजात म्हणा, आणि मग त्याची युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, बघा. रात्री तीन वाजता बेल वाजल्यावर कपाळाला आठी न घालता जाणारी सिस्टर कोणत्या मंडळीची आहे, ते वॉर्डाला बरोबर ठाऊक असतं.

आणि ज्या वाचकांना शेजारी नातेवाइकांसारखे आहेत, पण नाताळच्या करंज्या देताना हात अवघडतो, त्यांना एवढंच: करंज्या द्या, दिवाळीचा फराळ घ्या, पत्रकं त्यात घालू नका. दुसऱ्यांच्या मुलांना आईवडिलांना विचारल्याशिवाय कुठल्याही कार्यक्रमाला नेऊ नका, मग तो कितीही निरुपद्रवी असो.

राहिला तो डबा. मुलाशी बोलणं झालं, की एखाद्या संध्याकाळी, ड्यूटीचे कपडे बदलून, तो घेऊन समोर जा. त्यात भाजी नको, केक नको. रीत म्हणून चिमूटभर साखर घाला. दार उघडलं तर आधी माफी मागा, तिथेच, उंबऱ्याबाहेर. मग एक लहान वाटी पुढे करा. तुमच्याकडचं दही संपलंय म्हणा, नसेल संपलं तर आदल्या दिवशी सगळं खाऊन संपवा, म्हणजे खोटं बोलावं लागणार नाही, आणि काकूंकडे विरजण मागा.